‘गुस्ता?’ला म्हाळसाबाईंचे उत्तर

दुष्काळाने अजिंठ्याच्या माळावरचे तृण करपून गेले होते आणि शहर मात्र वाळूजच्या कारखान्यांच्या दिशेने अव्याहत विस्तारत होते, त्या वर्षांत म्हाळसाबाई एका अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात रुजू झाल्या. मेंढपाळ कुळातल्या या प्रौढेचे पती केरबा कळपासह चाऱ्याच्या शोधात हिंडत होते. बाईंची नोकरी टिकली, तरच मेंढ्या विकण्याचा प्रसंग टळणार होता.

अतिथिगृहात स्पेनचे यंत्रतज्ज्ञ उतरले होते. व्यवस्थापक काकासाहेबांनी बजावले, “पाहुण्यांचं बोलणं उमगलं तर कायम करू. नाय तर दुसरी बाई बघू.”

म्हणून सायंकाळी सून सुकेशनी मोबाइलवरचे स्पॅनिश वाक्य वाची आणि त्याचा इंग्रजी अर्थ सांगे. त्या दोन परक्या वाटांनी सासूबाई आपल्या मराठीच्या अंगणात पोहोचत.

“‘ब्वेन प्रोवेचो’ म्हंजे ‘एन्जॉय युअर मील’, आत्याबाई.”

“एन्जॉय? जेवण काय जत्रा हाय व्हय?”

“जेवणाऱ्याला म्हणायचं असतंय.”

“मग ‘होऊ द्या सावकाश’ म्हण की! आन् ‘गुस्ता’?”

“‘वुड यू लाइक सम?’ जेवणारा इचारतो, घेता का थोडं.”

“हे तर आपलं ‘या जेवायला’!”

अर्थ उमगला, उत्तराची रीत मात्र मोबाइलात नव्हती. स्पेनमध्ये या प्रश्नाला हसून नकार द्यायचा असतो. बाईंच्या घरी, पिढ्यान्‌पिढ्या रानोमाळ भटकलेल्या त्या कुटुंबात, समोर आलेला घास परतवणे हा अन्नपूर्णेचा अधिक्षेप मानला जाई.

दुसऱ्या दिवशी त्या पाहुण्यांपैकी वयस्क रामोन जेवत होते. बाई पाणी घेऊन आल्या, तसे त्यांनी सवयीने विचारले, “गुस्ता?” बाईंनी तांब्या ठेवला, खुर्ची ओढली आणि त्यांच्या पावाचा तुकडा मोडून श्रद्धेने मुखी घातला.

काकासाहेब धावले. “अहो बाई, उठा! पाव्हण्याच्या ताटात हात?”

“त्यांनीच बोलावलं. नाय कसं म्हनू?”

रामोन डोळ्यांत पाणी येईतो हसले. काकासाहेबांना इंग्रजीत म्हणाले, “जन्मभर विचारत आलो. खरोखर बसलेली ही पहिलीच!”

बाई उठल्या, आतून भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. “गुस्ता?”

आता रामोन नकार कसा देणार? त्यांनी घास घेतला. कान लाल झाले. तरी दुसरा मागितला.

“साहेब, तुमी बी बसा,” बाई काकासाहेबांना म्हणाल्या.

“मला ठेचा झेपत नाय. सकाळी लवकर या, कायम करून टाकतो.”

बाईंनी तिथूनच केरबांना फोन लावला. “मेंढ्या इकू नका.”

“ती लंगडी बी ठेवू?”

“ती बी.”