बहिणीचं माप

पुंडलिकनगरात आमच्या घराची पुढची खोली म्हणजेच माझं शिलाईचं दुकान. नवरा शेंद्र्याला एका कारखान्यात पाळीवर जायचा, मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आजूबाजूला रोज नवी इमारत उठत होती, त्यामुळं गिऱ्हाईक वाढतच होतं. पाणी मात्र नव्हतं. बोअर कोरडा पडलेला, नळ आठवड्यातून एकदा, बाकी सगळी मदार टँकरवर.

दुष्काळाच्या त्याच वर्षी आईनं करमाडहून माझ्या धाकट्या बहिणीला माझ्याकडं पाठवलं. गावात टँकर विहिरीत ओतायचे आणि बायका त्यात दोर सोडून पाणी ओढायच्या. "हिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष हाय, पाण्यापायी बुडायला नको," आई म्हणाली. बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. लहानपणापासून अंगानं भरलेली. गावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. एप्रिलातल्या जयंतीच्या मिरवणुकीत ती सगळ्यांत पुढं नाचायची आणि म्हातारी माणसंसुद्धा थांबून बघायची.

शहरात माझ्याकडं माप द्यायला येणाऱ्या बायकांना ती लगेच खुपली. "थायरॉईड तपासलं का हिचं?" एक विचारायची. "लग्नाचं कठीण आहे बरं का," दुसरी. मी मशीन चालवत हसायचे. गिऱ्हाईकाला उलटून काय बोलणार, असं स्वतःला सांगायचे. पण खरं म्हणजे मलाही त्यांचं पटत होतं. टँकर आला की याच बायका तिला हाका मारायच्या, कारण भरलेले दोन हंडे घेऊन ती तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढायची.

दुपारी ती मोबाइलवर कोरियन गाणी बघत बसायची. एकदा मीही डोकावले. सगळ्या पोरी काड्यांसारख्या.

"ह्यांच्याकडं बघून तरी जरा कमी खा," मी म्हणाले.

"ह्यातल्या कितीजणींना उपाशी ठेवतात, ते तुला माहीत नाय," ती म्हणाली. "ही बघ." तिनं दुसरं गाणं लावलं. मधोमध एक मुलगी होती, गोल चेहऱ्याची, जाड मांड्यांची. आखूड कपडे घालून ती इतक्या जोरात नाचत होती की बाकीच्या तिच्यामागं फिक्या वाटत होत्या. "हिलाबी म्हणले होते, बारीक झालीस तरच पुढं उभं करू. ती झाली नाय. मला माझं अंग आवडतं, असं म्हणतीय ती गाण्यात."

"कोरियात चालत असंल," मी म्हणाले.

हिवाळ्यात कॉलेजचं गॅदरिंग आलं. तिनं चार मैत्रिणींना घेऊन अशाच एका गाण्यावर नाच बसवला. पायऱ्या तिनंच शिकवल्या, तालीम आमच्या गच्चीवर व्हायची. कपडे मी शिवायचे ठरले: चंदेरी कापडाचं कमरेपर्यंतचं घट्ट जॅकेट आणि काळी पँट. पाचही जणींची मापं घेतली. निघताना एक मैत्रीण मागं रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "ताई, हिचं जरा सैलच शिवा. हिला आम्ही मागं उभी करणार आहोत. हिला अजून सांगितलं नाही."

मी तिला झापायला हवं होतं. मी मान डोलावली. आणि बहिणीचं जॅकेट गुडघ्यापर्यंत लांब, गोणपाटासारखं सैल शिवलं. पोट झाकलं जाईल, कुणी हसणार नाही, एवढंच डोक्यात होतं.

आदल्या संध्याकाळी तिनं ते घालून पाहिलं. बराच वेळ आरशासमोर उभी राहिली.

"ताई, माझं माप तर घेतलं होतंस तू."

"लोक हसतील गं. तुझ्याच भल्यासाठी."

"लोक अजून कुठं हसलेत?" ती म्हणाली. "तूच आधी हसून घेतलंस."

दुसऱ्या दिवशी ती नाचली, मागच्या रांगेत. मी बघायला गेले होते. कुणी हसलं नाही. तिच्याकडं कुणी पाहिलंही नाही. त्या सैल कापडात तिचं अंग कुठं वळतंय तेच कळत नव्हतं. टाळ्या पडल्या तेव्हा ती पडद्यामागं निघून गेली होती.

त्यानंतर ती भांडली नाही, अबोलाही धरला नाही. फक्त आधी रात्रीची भाकरी सोडली, मग सकाळची. "भूक नाय," म्हणायची. लिंबू पिळून गरम पाणी प्यायची. मला बरं वाटलं, हे लिहायलाही जड जातं. तिचे ड्रेस मी दोनदा आत घेतले, हौसेनं. बायका म्हणाल्या, "आता कशी छान दिसते," आणि मी ते कौतुक स्वतःचं असल्यासारखं घेतलं. गच्चीवरचा नाच कधी थांबला, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

मे महिन्यात भर दुपारी टँकरच्या रांगेत ती हंड्यासकट कोसळली. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी विचारलं, "ही नीट जेवत नाही, असं किती दिवस चाललंय?" मला सांगता येईना. तिची कंबर किती इंच उतरली, ते मात्र तोंडपाठ होतं. अंगात रक्त उरलं नव्हतं. आठ दिवस ती तिथंच होती.

आई करमाडहून आली. तिनं लेकीचं मनगट हातात घेतलं, मग माझ्याकडं पाहिलं. "दुष्काळ गावात होता म्हणून तुझ्याकडं धाडली होती," ती म्हणाली. "तुझ्याकडं भाकर तर होती ना?" सुट्टी मिळताच ती बहिणीला घेऊन गावी गेली. शेवटच्या परीक्षेला ती बसलीच नाही. पदवी पुढं दोन वर्षांनी घरून अभ्यास करून घेतली.

आता ती करमाडच्याच एका शाळेत कारकुनी करते. तब्येत सुधारली, अंगही पुन्हा भरलं. जयंतीला ती मिरवणुकीच्या कडेनं, बायकांना पाणी देत चालते. "नाचत का नाहीस?" असं मागं एकदा विचारलं, तर म्हणाली, "सवय मोडली."

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघी शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा मी धीर केला. म्हणाले, "मी चुकले गं तुझ्याशी."

ती शेंगा फोडतच राहिली. मग म्हणाली, "तुला बघायला आले होते, तेव्हा मी सहा-सात वर्षांची असंन. त्यांच्यातली एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली होती, पोरीला घरी खायला घालत नाहीत काय, नुसती हाडं हायत. तू आत येऊन पीठ मळत रडत होतीस. मी बघितलं होतं, ताई."

मी ते कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. आपण विसरलोय, असंच मला वाटत होतं. तिनं सोललेले दाणे माझ्याकडं सरकवले आणि टरफलं भरून बाहेर टाकायला गेली.