रेनो कांगासची गुप्त जागा

रेनो कांगास हा भला माणूस आहे. छत्तीस वर्षं त्याने काउंटीचा बर्फ हटवायचा ट्रक चालवला, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या टपालपेटीला धक्का लागलाच, तर दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन स्वतः हजर व्हायचा. नियमाला पक्का, शब्दाला पक्का. फक्त सप्टेंबर लागला की हा माणूस धडधडीत खोटं बोलायला लागतो, ते थेट पहिला बर्फ पडेपर्यंत. विषय एकच. हरणासाठी धनुष्य घेऊन तो नक्की कुठं बसतो?

आमच्याकडचं जंगल सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. तिथं कुणाची वहिवाट चालत नाही. पहाटे जो आधी पोचला, जागा त्याची. बंदूकवाल्यांचं एक बरं असतं, ते लांबून काम उरकतात. धनुष्यवाल्याला मात्र हरीण वीस पावलांवर यावं लागतं, आणि तिथवर यायला हरणाला तसंच काहीतरी कारण लागतं. रेनोला ते कारण बावीस वर्षांपूर्वी सापडलं होतं. लाकूडतोडीच्या एका बंद रस्त्याच्या टोकाला, देवदारांच्या दलदलीपलीकडे, कुणा जुन्या फिनिश कुटुंबाची पडकी शेतवाडी होती. घर केव्हाच गेलं होतं. सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायाचे दगड आणि सफरचंदाची तीन झाडं तेवढी उरली होती. ऑक्टोबरात फळं गळायला लागली की आसपासची हरणं तिथं येत, पाहुण्यांनी जेवणाच्या वेळेला यावं तशी.

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे रेनोला कुणी शिकवावं लागलं नाही. ट्रक तो दोन मैल अलीकडे, तळ्याकाठी, होड्या उतरवायच्या जागी लावायचा. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, गडी तळ्याकाठी बसलाय. मग दलदलीला वळसा घालून चालत जायचा. कपडे खायच्या सोड्यात धुऊन देवदाराच्या डहाळ्यांबरोबर पिशवीत बांधून ठेवायचा, कारण हरणाचं नाक फार तिखट. आणि घरातून निघताना फ्रिजवर चिठ्ठी लावायचा: ‘पर्च तळ्याच्या दक्षिणेला. रविवारी येतो.’ पर्च तळ्याच्या दक्षिणेला तो जन्मात बसला नव्हता. पण शनिवारच्या कॉफीला त्याचा मेहुणा लॉइड यायचा, आणि फ्रिजवरचं सगळं वाचायची त्याला सवय होती.

लॉइड साल्मी म्हणजे रेनोची बायको व्हर्ना हिचा थोरला भाऊ. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, मोठ्या पावलांचा, बिनघाईचा माणूस. एका वाक्यानंतर दुसरं यायला त्याला अर्धा कप कॉफी लागायची. तरीही रेनोचं ठाम मत होतं, की लॉइडच्या पोटात काही राहत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी रेनोने दाखवलेली माशांची एक जागा लॉइडने दुकानात कुणालातरी सांगितली होती. तेव्हापासून रेनोने कानाला खडा लावला होता.

या एप्रिलमध्ये लाकडं फोडताना रेनोच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी दोन स्टेंट घातले, सिगारेट सोडवली, आणि ऑगस्टमध्ये सांगितलं की हिंडाफिरायला हरकत नाही. रेनोने घरी येऊन सगळ्यात आधी धनुष्य काढलं. दोन्ही टोकांना चाकं असलेलं, नव्या पद्धतीचं धनुष्य ते. ताण थोडा कमी करून घेतला, अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारून पाहिले. सहातले पाच नेमके बसले. सहावा व्हर्नाच्या रुटाबागा कंदांच्या वाफ्यात गेला, पण तेवढं चालायचंच.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा अंथरला गेला आणि सहलीची आखणी सुरू झाली. एक ऑक्टोबरपासून चार दिवस. ट्रकच्या मागच्या टपात गादी, स्टोव्ह, पाण्याचे दोन कॅन. पश्चिमेचा वारा असेल तर पहाटेच मचाणावर, पूर्वेचा असेल तर सरळ झोपून राहायचं. मचाण आधी नेऊन झाडाला बांधायचं होतं. सरकारी जंगलात मचाण बांधणाऱ्याने त्यावर आपलं नाव-पत्ता लिहिलाच पाहिजे, असा नियम. बाकीचे लोक कुठंतरी खालच्या बाजूला पेनने गिरगटतात. रेनोने पत्र्याची पाटी कापली होती आणि तेलरंगाने ठळक अक्षरांत लिहिलं होतं: रेनो कांगास, घर क्रमांक, रस्ता, गाव, पिनकोड. दर वर्षी तो ती पाटी फडक्याने पुसून चकचकीत करायचा. व्हर्ना पेस्ट्यांसाठी, म्हणजे सारण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्यांसाठी, मांस आणि बटाटे चिरत सगळं ऐकत होती.

“किती पेस्ट्या करू?” तिने विचारलं.

“आठ. दहाच कर.”

“करते. पण आधी जागा सांग.”

“लिहितो ना दर वर्षी. पर्च तळ्याच्या...”

“रेनो.” तिने सुरी खाली ठेवली. “दर वर्षी तुझ्या छातीत तारा नव्हत्या. तिथं फोन लागत नाही. तू झाडावरून पडलास, कळ आली, काहीही झालं, तर मी कुणाला कुठं पाठवू? नकाशावर फुली मार. फुलीचा नकाशा लॉइडकडे राहील. त्याच्याकडे चारचाकी गाडी आहे, त्याला ते सगळे रस्ते येतात. नाहीतर धनुष्य माळ्यावर जाईल.”

“लॉइडकडे? त्यापेक्षा दुकानाच्या दारावरच चिकटव की!”

“मग माळ्यावर.”

व्हर्नाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे रेनोला सेहेचाळीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. तो अंगणात गेला आणि उगीच बाणांची पाती घासत बसला. त्याला राग आला होता, पण रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. एप्रिलपासून लोक त्याच्या हातातलं सामान काढून घेत होते. शेजारचा पोरगा न विचारता त्याचं गवत कापून गेला होता. सगळ्यांना तो म्हातारा झालेला दिसत होता, आणि त्याला भीती वाटत होती की त्यांचं खरं असेल. त्या तीन झाडांपाशी मात्र तो अजून तोच रेनो होता, ज्याने एकट्याने ती जागा शोधली, बावीस वर्षं एकट्याने राखली, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. तेवढं एक त्याचं स्वतःचं राहिलं होतं. तेही लॉइडच्या खिशात घालायचं?

तर मग या भल्या माणसाने काय करावं? आत जाऊन नकाशावर लाल पेनने ठसठशीत फुली मारली. पर्च तळ्याच्या दक्षिणेला.

आता याला मूर्खपणा म्हणायचं नाही तर काय? खरोखर काही झालं असतं, तर अर्धं गाव त्याला हाका मारत तळ्याकाठी फिरलं असतं आणि हा दोन मैलांवर दलदलीपलीकडे झाडाखाली पडलेला. हे रेनोलाही कळत होतं. दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. व्हर्ना त्याच्या थर्मासला नवी वादी शिवत बसली, तेव्हा तर त्याला तिच्याकडे बघवेना. पण मी पडणारच नाही, असं त्याने स्वतःला बजावलं, आणि गप्प बसला.

शनिवारी लॉइड कॉफीला आला. व्हर्नाने वेलदोड्याचा पाव कापला, आणि नकाशा भावासमोर ठेवला.

“हे तुझ्याकडे ठेव. रेनो चार दिवस इथं असणार.”

लॉइडने चष्मा लावला. फुली पाहिली. पाव कॉफीत बुडवला, खाल्ला.

“इथं?” तो म्हणाला.

“इथंच,” रेनो खिडकीबाहेर बघत म्हणाला.

“चारही दिवस?”

“चारही दिवस.”

लॉइडने आणखी थोडा पाव खाल्ला. “मग मी कुठं जाऊ?”

“म्हणजे?”

“तिथं मी बसतो ना. अकरा वर्षं झाली.”

रेनोची मान खिडकीकडून गर्रकन वळली. “तू? पर्च तळ्याला? ती काय हरणाची जागा आहे?”

“चांगली आहे. सात मारली. तूही खाल्लंयस की मांस.” लॉइडने कप पुढे केला, व्हर्नाने भरला. “तू फ्रिजवर लिहून जायचास. म्हटलं, रेनो काही तिथं नसणार. मग मोकळीच असेल जागा.”

“मी तिथं नसणार, हे तुला कुणी सांगितलं?”

“तुझ्या पाटीने.”

मग व्हर्ना हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून, मग खुर्चीत बसून.

“सफरचंदांपाशी,” लॉइड म्हणाला. “तितरांच्या मागे गेलो होतो. वर बघतो तर मचाण. नाव, रस्ता, पिनकोडसुद्धा. एवढी सुबक पाटी आपल्या चर्चलाही नाही.”

“अगं बाई!” व्हर्ना डोळे पुसत म्हणाली. “म्हणजे ताकाला गेला, भांडं पाठीमागे लपवलं, आणि भांड्यावर पिनकोड!”

रेनोचे कान तापले. “आणखी कुणी पाहिलंय?”

लॉइडने आठवून पाहिलं. “दुकानातला गॅरी. ते दोघे हार्यू भाऊ. पाद्रीणबाई, त्या अळंबी गोळा करायला जातात. असतील आणखी दहाबारा.”

“आणि तिथं कुणी बसलं नाही?”

“नाही.”

“का नाही? पाटी मचाणाची आहे, जागेची नाही. सरकारी जंगल आहे. दहा पावलांवर कुणीही बसू शकतो.”

“शकतो की,” लॉइड म्हणाला.

दोन मैलांचा तो वळसा, ते सोड्यात धुतलेले कपडे, बावीस वर्षांच्या थापा. रेनोला वाटायचं की जागा त्याच्या हुशारीने राखली गेली. मांजर डोळे मिटून दूध पीत होतं आणि सगळा गाव दाराशी उभा राहून त्याला पिऊ देत होता. त्याला लाज वाटली, चांगली सणसणीत लाज वाटली. आणि लाज ओसरल्यावर त्याने कॉफीचा एक मोठा घोट घेतला.

पण माणूस एका दमात हार मानत नाही. “तरी नशीब माझंच चांगलं,” तो म्हणाला. “जंगली झाडं आहेत, एक वर्ष धरतील, दोन वर्षं धरणार नाहीत. पण त्या झाडांनी मला अलीकडे एकदाही फसवलं नाही. दर वर्षी लगडलेली असतात.”

लॉइडने चष्मा काढून खिशात ठेवला.

“झाडं आपोआप नाही लगडत, रेनो.”

“म्हणजे?”

“एक वर्ष मधल्या झाडाची फांदी ओझ्याने फाटलेली दिसली. बघवेना. बर्फात चालायची रुंद पायताणं चढवली, करवत घेतली, गेलो आणि छाटलं. म्हटलं, एक केलं तर बाकीच्यांनी काय पाप केलंय. आता दर मार्चला जातो. नऊ वर्षं झाली.”

आयुष्यात एका वेळी एवढी वाक्यं लॉइड कधी बोलला नसेल. व्हर्नाचंही हसू थांबलं. तिला हे माहीत नव्हतं.

“मला सांगायचं तरी!” रेनोचा आवाज जरा चढलाच.

“तुला कशाला सांगू? तू तर पर्च तळ्याला असायचास.”

रेनोने नकाशा आपल्याकडे ओढला. पेन हातात घेतलं, पर्च तळ्याची फुली खोडली, आणि बंद रस्त्याच्या टोकाला, दलदलीपलीकडे दुसरी मारली. पहिलीएवढी ठसठशीत नाही, पण नेमक्या जागी. ट्रक कुठं असेल तेही लिहिलं, या वेळी रस्त्याच्या फाटकापाशीच. व्हर्नाने ती फुली नीट न्याहाळली आणि नवऱ्याला काही न विचारता भावाकडे पाहिलं. लॉइडने मान डोलावली. मग ती उठली आणि पेस्टीचं पीठ मळायला लागली.

“कुठल्या फांद्या कापतोस?” रेनोने विचारलं.

लॉइड सांगू लागला. सरळ वर जाणाऱ्या कोवळ्या, एकमेकींना घासणाऱ्या, आतल्या बाजूला वळलेल्या. मधोमध ऊन पडलं पाहिजे. शेंडे तसेच राहतात, तो म्हणाला. शिडी पल्क्यावर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, घालून ओढत नेतो, पण एकट्याला ती बर्फात भक्कम उभी करता येत नाही, म्हणून वरचं सोडून देतो. लॉइडचं बोलणं दोन मिनिटांपलीकडे रेनोने कधी ऐकून घेतलं नव्हतं. आज त्याची कॉफी निवून गेली, तरी तो ऐकत होता.

“मार्चमध्ये निघालास की मला हाक मार,” तो शेवटी म्हणाला. “शिडी मी धरतो.”

लॉइडने त्याच्या छातीकडे पाहिलं, मग तोंडाकडे. “बर्फातून दीड मैल आहे. जमेल तुला?”

“हळूहळू चालू,” रेनो म्हणाला. “आपल्याला कुठं घाई आहे?”