खालची कडी

आमच्या साडूंइतका काटकसरी माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी माळशिरसपासून मंद्रूपपर्यंत कुठल्याही चौकात उभा राहून सांगेन. पण त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी स्वतःविषयी एक गोष्ट कबूल करावी लागते. ती मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. माझ्या स्वतःच्या मुलीबरोबर घरात एकटं राहायची मला भीती वाटायची. मी एका शाळेच्या कचेरीत क्लार्क आहे. शेकड्यांनी पोरं माझ्या टेबलासमोरून रोज ये-जा करतात, त्यांची मला कधी धास्ती वाटली नाही. पण जुई आम्हाला उशिरा झाली, आणि वर्षाची व्हायच्या आत एकदा ताप चढून माझ्या मांडीवरच तिचे डोळे फिरले, अंग लाकडासारखं ताठ झालं. मी काय केलं? काहीच नाही. नुसता बसून राहिलो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं पोरीला माझ्या हातांतून अक्षरशः ओढून घेतलं. लहान मुलांना तापात असं होतं, काळजी करू नका, असं डॉक्टर म्हणाले. बायको चार दिवसांत विसरली. मी विसरलो नाही. पुन्हा तसं झालं आणि घरात मी एकटाच असलो तर, या विचारानं मला घाम फुटायचा.

दिवसभर जुई साडूंकडे असे. माझी शाळा पाचला सुटते, बायको पतसंस्थेतून दिवेलागणीनंतर येते. म्हणजे पाचला पोरीला घेऊन मी सरळ घरी जायला हवं. पण मी साडूंच्या ओसरीवर बसून राहायचो. बायकोला सांगायचो, दाजींनी चहाला बसवून घेतलं. दाजींना सांगायचो, या वेळेला रिक्षा मिळत नाहीत. दाजी म्हणजे हेच साडू. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ते मला पावणं म्हणतात. रस्त्यावरून रिकाम्या रिक्षा एकामागून एक जात असायच्या आणि दाजी त्यांच्याकडे बघत म्हणायचे, “व्हय, रिक्षांचं लई अवघड झालंय बगा पावणं.”

दाजींची उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात गेली. कारखाना बंद पडला, मुलगा पुण्याला नोकरीला गेला, आणि बायको, म्हणजे आमची अक्का, एसटीत कंडक्टर. ती सकाळी मंगळवेढ्याची गाडी धरते ती रात्री आठला परतते. त्यामुळे घर दाजी चालवतात, आणि असं चालवतात की घरातला कचऱ्याचा डबा महिनोन्‌महिने बेकार असतो. कारखान्यातून वेळोवेळी आणलेला डागी माल हे त्यांचं भांडवल. पडदे टॉवेलचे, उशांचे अभ्रे टॉवेलचे, पिशव्या टॉवेलच्या. जुईचे फ्रॉकही टॉवेलचे, आणि त्यांना आतून एवढ्या चुण्या घालून ठेवलेल्या की त्या उसवत गेलं तर पोरगी दहावीपर्यंत त्याच फ्रॉकात जाईल. भर एप्रिलमध्ये तिला तसल्या फ्रॉकात बघून बायकोनं विचारलं, “दाजी, उकडत नाही का हो तिला?” दाजी शांतपणे म्हणाले, “उकडतंय की. पर घाम फ्रॉकच पुसतोय. येगळा रुमाल लागत न्हाई.” आलेल्या पाहुण्यानं हात पुसायला टॉवेल घेतला की दाजी त्याच्या हातांकडे नाही, टॉवेलकडे बघतात. एकदा आमच्या मुख्याध्यापकांना त्यांनी सांगितलं होतं, “दाबून टिपा सायेब, घासू नगा. त्याचं बी वय झालंय.”

पाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे सोलापूरचा प्रत्येक माणूस थोडाफार दाजी असतोच. पण दाजींच्या घरी पाण्याला नोकरी असते. तांदूळ धुतलेलं पाणी भाजी धुतं, भाजी धुतलेलं पाणी फडकं भिजवतं, जुईच्या अंघोळीचं पाणी फरशी पुसतं, आणि मग ते संडासात जातं. “तितं त्याची पेन्शन,” असं दाजी म्हणतात. मी एकदा अर्धा पेला उरलेलं पाणी सवयीनं अंगणात भिरकावलं.  दाजी जिथं ते पाणी पडलं होतं तिथं थोडा वेळ उभे राहिले. त्यानंतर मी त्यांच्याकडे पाणी मागताना “घोटभर” म्हणायला शिकलो.

गॅसचीही तीच तऱ्हा. कुकरची एक शिट्टी झाली की गॅस बंद. मग कुकर जाड टॉवेलांत गुंडाळून गादीवर ठेवायचा, आत आपोआप शिजतं. एका संध्याकाळी मी ओसरीवरून आत आलो. अंधारून आलेलं आणि चष्मा खिशात. गादीवर दोन गाठोडी होती. जुई झोपलेली दिसते म्हणून मी जवळच्या गाठोड्यापाशी बसून हलक्या हातानं थोपटायला लागलो. गाठोडं गरम लागलं.  ताप! मी ओरडलो, “दाजी, अंग भाजतंय हिचं!” दाजी पीठ माखलेल्या हातांनी धावत आले, बघितलं, आणि म्हणाले, “पावणं, ती डाळ हाय.” जुई पलीकडच्या गाठोड्यातून डोळे उघडून माझ्याकडे बघत होती. दाजी त्यानंतर हसतील असं मला वाटलं होतं. पण ते हसले नाहीत. अजून त्या गाठोड्याला घट्ट धरलेल्या माझ्या हातांकडे त्यांनी एकवार पाहिलं आणि भाकरी थापायला निघून गेले.

पाणी यायच्या दिवशी त्यांची एक खास पद्धत होती. त्या वेळी घरातले सगळे ड्रम, टब, घागरी उघड्या असतात, माणसाचं लक्ष पाइपकडे असतं, आणि दोन-अडीच वर्षांचं पोर पाणी दिसलं की तिकडेच धावतं. म्हणून टॉवेलच्या कडेची कातरलेली लांब पट्टी घेऊन दाजी तिचं एक टोक जुईच्या कमरेला बांधत, दुसरं स्वतःच्या. विणकाम करणाऱ्यांची गाठ ती, जितकी ओढाल तितकी घट्ट. मग पुढं दाजी, मागं जुई अशी वरात अंगणातल्या नळापासून मोरीपर्यंत फिरायची. शेजारच्या पद्माबाई हटकून विचारायच्या, “काय ओ भाऊ, शेळी कधी घेतली?” दाजी म्हणायचे, “मंद्रूपच्या बाजारातनं आणली की. दूध देत न्हाई, नुसती खाती.” मला हा प्रकार बघवत नसे. आपली मुलगी अशी बांधलेली! पण तिला मोकळी करा, मी सांभाळतो, असं म्हणायची माझी छाती नव्हती.

दाजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख नेमकी पाण्याच्या दिवशी आली. अक्का त्यांच्याबरोबर दवाखान्यात जाणार होती, माझ्या बायकोला रजा नव्हती. मी पुष्कळ निमित्तं काढून पाहिली. शाळेत तपासणी आहे म्हणालो, कंबर धरलीय म्हणालो. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. सकाळी मी पोचलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं पट्टी माझ्या कमरेला बांधली, जुईच्या कमरेला बांधली, आणि म्हणाले, “पाणी आन पोरगी. दोनच कामं हायत, पावणं.” आणि अक्काचा हात धरून रिक्षात बसले.

पाणी आलं. नळ फाटकाजवळ आहे, पाइप खिडकीच्या गजांतून आत घालून मोरीतल्या ड्रममध्ये सोडलेला. पाइपाला पीळ पडला म्हणून तो सोडवायला मी दाराबाहेर पाऊल टाकलं, आणि मागं दार धाडकन लागलं. पाठोपाठ कडीचा टक् असा आवाज. जुईनं आतून कडी घातली होती. त्या दाराला अगदी खाली, पोराच्या छातीएवढ्या उंचीवर दाजींनी एक जादा कडी बसवलेली होती. ती कशासाठी आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

दार खालून झिजलेलं होतं. त्या फटीतून वारा येतो, पंखा लावावा लागत नाही, म्हणून दाजींनी ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. त्या फटीतून पट्टी आत गेलेली होती. मी बाहेर, ती आत, आणि मोरीत उघडा, भरलेला टब. मी हाका मारल्या. “जुई, कडी काढ बाळा!” आतून हसू. मग पावलं, मोरीच्या दिशेनं. मी पट्टी ओढून धरली. आत ती धपकन बसली आणि पुन्हा हसली. तिला वाटलं, खेळ चाललाय. मी उंबऱ्याशी बसलो आणि पट्टी दोन्ही हातांनी धरून ठेवली. ताण लागला की जिवात जीव यायचा, पट्टी ढिली पडली की वाटायचं, गाठ सुटली. ड्रम भरला. पाइप उसळून बाहेर पडला असावा, कारण दाराखालून पाणी यायला लागलं आणि मी बसल्या जागी भिजलो. नळ दहा पावलांवर होता. पण पट्टी तिथवर पुरणार नव्हती. तिथं जायचं तर ती कमरेची सोडावी लागणार, आणि ती सोडली तर पोरगी टबापर्यंत पोचणार. मी हललो नाही. दाजींचं पाणी अंगणातून वाहत रस्त्यावर चाललं होतं. पद्माबाई धावत आल्या, “अय्यो भाऊ, पाणी चाललंय की सगळं! बसलाय काय असं?”  मी दाराकडे बोट दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला, नळ बंद केला आणि दार तोडायला माणूस आणायला पळाल्या.

मी एका हातानं अक्काला फोन लावला. दाजींनीच तो घेतला. ते डोळ्यांत थेंब घालून नंबरची वाट बघत बसले होते. मी कसंबसं सांगितलं.  मी म्हटलं, आता पाण्याचं विचारणार. पण ते म्हणाले, “फोन मोठा करा आन फटीला लावा.” मी लावला. आणि भरल्या दवाखान्यात जुईचे काका, म्हणजे आमचे साडू, गळा काढून ओरडले, “जुईबाय! काका पडला! काका पडला गं!”

आत पावलं थांबली. मग ओल्या फरशीवरून चपचप करत दाराकडे आली. पट्टी माझ्या हातांत सैल झाली. कडी टक् झाली आणि दार उघडलं. जुईनं बाहेर बघितलं, काकाला शोधलं, तो दिसला नाही. मग उंबऱ्याशी पाण्यात बसलेल्या माझ्याकडे बघून ती गंभीरपणे म्हणाली, “बाबा पडला.” आणि माझं बोट धरून मला उठवायला लागली.

संध्याकाळी दाजी डोळ्याला हिरवी पट्टी बांधून परत आले. अक्का औषधं आणायला कोपऱ्यावर गेली तेव्हा मी विचारलं, “दाजी, हे ‘काका पडला’ काय आहे?” आधी ते टाळत होते. मग हळू आवाजात म्हणाले, “शुगर खाली जाती माजी. दोनदा डोळ्यांपुढं अंधारी आली. घरात मी आन ही. मी पडलो तर हिला भाईर कोण काडायचं? म्हणून कडी खाली लावली. रोज सकाळी मी खोटं खोटं पडतो, ही कडी काडून पद्माबाईला बोलवायला जाती. लई हसती पडल्यावर. आज ही ती घालायला बी शिकली, ते मातर माज्या ध्यानात आलं न्हाई. अक्काला सांगू नगा, नोकरी सोडून घरात बसंल.”

“तुम्हाला भीती नाही वाटत?” मी विचारलं.

“वाटती की!” दाजी म्हणाले. “भीती न वाटणाऱ्या माणसाकडं मी तर पोरगं देणार न्हाई. पर तुमी सांजचं हितं बसता, तवा बरं असतंय. तेवढा वेळ मी कडी घालतच न्हाई. पडलो तरी तुमी हाय की.”

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी तिथं कशासाठी बसत होतो हे सांगायची तीच वेळ होती. पण अक्का फाटकातून आत आली आणि मी रिक्षा बघायला उठलो. त्या संध्याकाळी रिक्षा लगेच मिळाली.

पहिल्यांदाच मी आणि जुई दिवेलागणीच्या आधी घरी गेलो. ती ताटलीत भात खाली-वर करत बसली आणि मी तिच्यासमोर बसून राहिलो. भीती होतीच, पण बसता आलं. दुसऱ्या दिवशीही बसता आलं. जूनपासून ती माझ्या शाळेजवळच्या बालवाडीत जाते. सुटल्यावर शिपायाची बायको तिला पाचपर्यंत सांभाळते, आणि मग मी तिला घेऊन सरळ घरी येतो. बायको कौतुकानं म्हणते की तुम्ही आता अगदी सुधारलात. दाजींचा अधूनमधून फोन येतो. “काय पावणं, रिक्षा मिळतात जणू आता?” मी म्हणतो, येतो की दाजी, या आठवड्यात नक्की येतो. ते म्हणतात, “या की. चा टाकतो.” मग कुणाचं काही निघतं आणि आठवडा जातो. अक्का अजून आठलाच येते. तोवर दाजी घरात एकटेच असतात.

मी बायकोला खरं सांगितलेलं नाही. दाजींना तर नाहीच. पण ते बोलणं राहिलं तरी एक वेळ चालेल. अक्का घरी येईपर्यंतची एकेक संध्याकाळ मी दाजींना देणं लागतो, आणि त्यांतली एकही अजून मी दिलेली नाही.