फुल टाइट चंपतराव

फटफट्या दुरुस्त करण्यात माझी उमर गेली, पण यंत्राचा मला कधी वीट आला नाही. वीट आला तो माणसांचा. त्यातही पहिला नंबर चंपतरावाचा.

चंपतराव हिंगण्याच्या एका कारखान्यात फिटर होता आणि माझ्या गॅरेजच्या मागच्याच गल्लीत राहायचा. जगात जे काही बिघडतं ते सैल राहिल्यामुळेच, अशी त्याची पक्की समजूत. ‘फुल टाइट’ हा त्याचा मंत्र. घरचा नळ तो असा आवळायचा की सकाळी त्याच्या बायकोला, मनकर्णेला, पाण्यासाठी शेजाऱ्याला हाक मारावी लागे. खाटेची नवार इतकी ताणलेली की तिच्यापेक्षा फरशी बरी. माझ्याकडे आला की दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचे नटही न विचारता पिळून जायचा. एकदा दोन बोल्टांचे आटे घालवले आणि वर मलाच म्हणाला, “माल हलका वापरतं तू.” अशी चीड यायची त्या माणसाची!

त्याची फटफटी बासष्ट सालची. मागचे शॉकअप केव्हाच मेलेले. खड्डा आला की मागची सीट सरळ कमरेत घुसायची. पुढे बसणाऱ्या चंपतरावाला त्याचं काय? मागे मनकर्णा असायची. कारखान्याच्या वाटेवर एक बालवाडी होती, तिथं ती शिकवायची. सकाळी त्या बाजूला बस नव्हती, म्हणून कामावर जाताना तो तिला सोडायचा. एकोणऐंशीच्या पावसाळ्यानंतर रस्त्याची चाळण झाली आणि तिच्या मणक्याची चकती सरकली. दीड महिना पडून होती बिचारी. पुन्हा असे हादरे बसले तर बाई अंथरुणावरून उठायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

म्हणून नवे शॉकअप. बर्डीच्या बाजारातून मीच जोडी आणली, चांगली, तीन खाचांची. खालचं कडं पान्यानं फिरवलं की स्प्रिंग दबते. पहिल्या खाचेवर नरम, तिसऱ्या खाचेवर एकदम कडक. तिसरी असते मागे पोती लादणाऱ्यांसाठी. हे नवराबायको तर दोघं मिळून एक पोतं भरायचे नाहीत. मी पहिल्या खाचेवर ठेवली.

चंपतराव गाडीपाशी उकिडवा बसला, कडं पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

“हे ढिलं काहून ठेवलं गा?”

“वहिनीच्या पाठीले पयलीच बरी.”

“तीन खाचा हायेत आन् तू मले पयलीवर चालवाले सांगून राहिला? फुल टाइट कर.”

मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा नाही. दिवसभर डोकं उठलेलं, गाडी त्याची, हौस त्याची. मी पाना घेतला आणि दोन्ही कडी तिसऱ्या खाचेवर नेली.

आठ दिवसांनी त्यानं फटफटी ऑइल बदलायला आणून लावली आणि स्वतः समोरच्या टपरीवर चहा पीत बसला. नव्या शॉकअपचं कौतुक इथपर्यंत ऐकू येत होतं. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. तेवढ्यात मनकर्णा आत आली. कमरेला डॉक्टरांचा पट्टा, चेहरा पांढराफटक.

“नत्थूभाऊ, माह्या डाव्या पायाले मुंग्या येऊन राहिल्या. ते कडं ढिलं करून द्या.”

“त्यायले सांगून पाह्यलं?”

“सांगतलं. म्हणते, नवं हाय, वापरून वापरून नरम होईन.”

“मंग मी कसा हात लावू, वहिनी? गाडी त्यायची हाय.”

हे वाक्य तोंडातून निघालं आणि माझीच मला घाण वाटली. पण निघालं.

ती वाद घालत बसली नाही. फळीवरचा हुकासारखा पाना तिनं उचलून मला दाखवला. “हाच ना?” मी मान हलवली. फटफटी स्टँडवर चढवलेलीच होती. एक हात पट्ट्यावर दाबून ती गुडघ्यांवर बसली, तेलकट फरशीवर, धुतलेल्या पातळानं. पाना दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही हातांनी त्याच्यावर भार टाकला, दात ओठांत रुतले, आणि कडं खटकन खाली आलं. मग दुसऱ्या बाजूला गेली. मी चिंधीनं हात पुसत उभा होतो. हात स्वच्छच होते. पाना पुसून जागेवर ठेवून ती मागच्या दारानं निघून गेली. टपरीवर चंपतरावाचं चालूच होतं.

चार दिवसांनी सकाळी त्यानं गॅरेजसमोर गाडी थांबवली. मागे मनकर्णा बसलेली, मांडीवर बालवाडीची पिशवी.

“पाह्यलं गा नत्थू? फुल टाइटच राहू देलं, तर कसे नरम झाले! बाईमाणसाचं आयकलं असतं तर जोडी वाया गेली असती. बरोबर हाय ना?”

मनकर्णा समोर रस्त्याकडे पाहत होती. माझ्याकडे तिनं नजरसुद्धा वळवली नाही.

“बरोबर हाय,” मी म्हणालो.