भास्करकाकांचा स्नोकॉक

भास्करकाका माझ्याशी एकदाच खोटं बोलले.

आणि ते मला काल कळलं. त्यांना जाऊन तेरा दिवस झाल्यावर.

ज्यांना ते माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. इथल्या, अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावचे रिटायर्ड भूलतज्ज्ञ, मूळचे सांगलीचे. नात्याने माझे कोणी नाहीत. मी नागपूरहून इथे जॉबसाठी आले, त्या पहिल्याच थंडीत मंडळाच्या संक्रांतीला एकटी कोपऱ्यात बसले होते. हे समोर येऊन उभे.

"पक्षी बघतेस का?"

"नाही."

"मग शनिवारी सकाळी सहाला तयार राहा."

"आयुष्यभर लोकांना झोपवलं, आता उठवतोय," हा त्यांचा जोक. सात वर्षं दर शनिवारी ऐकलाय. वैताग यायचा यार. आता कुणी परत सांगितला तर रडेन.

काकांचा नियम एकच. स्वतःच्या डोळ्यांनी दिसला तरच पक्षी वहीत जाणार, नावापुढे बरोबरची खूण. आवाज ऐकला, पीस सापडलं, शेजारच्याला दिसला, या सगळ्याला ते "अफवा" म्हणायचे.

एकदा मंडळातल्या एका काकांनी घुबड पाहिल्याचं जेवताना सांगितलं. भास्करकाकांनी अशी उलटतपासणी घेतली की बिचारे श्रीखंड न घेताच उठले.

त्यांच्या मनात मात्र एकच पक्षी होता. हिमालयन स्नोकॉक. कोंबड्याहून मोठा, खडकाच्या रंगाचा, पार उंच कड्यांवर राहणारा. कॉलेजात असताना लायब्ररीत चित्र बघितलेलं, तेव्हापासून डोक्यात बसलेला.

रिटायर झाल्यावर गाइडसकट हिमालयाची ट्रिप बुक केली. आणि बायपास झाली.

ट्रिप कॅन्सल. डॉक्टर म्हणाले, हॉस्पिटलपासून इतकं लांब जाणं आता विसरा.

मग एक दिवस मी मीटिंगमध्ये असताना काकांचे लागोपाठ चार फोन. मी घाबरून बाहेर धावले.

"अगं, तो इथेच आहे! नेवाडात!"

खरंच होता. कधीकाळी शिकारीसाठी तिकडून आणून नेवाडाच्या डोंगरात सोडलेले. रुळले, पिल्लं झाली, तिथलेच झाले.

"म्हणजे आपल्यासारखेच की," मी म्हटलं.

"छे! त्यांना ग्रीन कार्डाची लाइन नाही."

मंगलाकाकूंनी परवानगी दिली, पण मला घेऊन जायच्या अटीवर. आणि मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "दिसू दे गं एकदाचा. हे एवढंच राहिलंय त्यांचं."

नेवाडातली आमची गाइड डेबी. साठीची असेल, पण चालायची हरणासारखी. पहाटे हेडलॅम्प लावून चढायला लागलो.

काका दर वीस पावलांनी थांबायचे आणि बोट वर करून "ऐक" म्हणायचे. ऐकायला काही नव्हतं, त्यांचा श्वास सोडून. मी मुकाट्याने ऐकायचे.

वर तळ्याशी पोचलो, उजाडलं, आणि कड्यावरून एक लांबलचक शिट्टी आली.

काकांनी माझं मनगट धरलं. "हाच," म्हणाले.

पुढचे दोन तास आम्ही नुसते दगड बघत होतो. मी नेलेले मेथीचे पराठे डेबीनेच संपवले. आणि एकदम ती ट्रायपॉडवरच्या मोठ्या दुर्बिणीशी ताठ झाली.

"गॉट इट! क्विक!"

काका बाजूला सरकले. "आधी तू बघ."

"छे, काका! आधी तुम्ही."

"अगं, तू लहान आहेस, बघ."

"तुम्ही मोठे आहात, तुम्ही बघा."

आपलं नेहमीचं. दारातून आत शिरताना, पानावर बसताना, कारची पुढची सीट घेताना. पण तिथे पक्षी थांबला होता हो!

"समबडी लुक!" डेबी ओरडलीच.

मी काकांना जवळजवळ ढकललं. ते वाकले. बराच वेळ तसेच वाकून राहिले.

मग सरळ झाले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "दिसला. काय देखणा आहे गं!"

मी डोळा लावला तर नुसता खडक. पण मला काही म्हणता काही वाटलं नाही. काकांना दिसला ना, बस्स! मी तिथेच नाचले.

खाली उतरल्यावर रेंज आली. काका फोनवर काकूंना म्हणाले, "ट्रिप छान झाली." मागून मीच ओरडले, "काकू, दिसला!"

परतीच्या फ्लाइटमध्ये ते गप्प होते. मला वाटलं, तृप्त झालेत.

काल काकूंनी त्यांची वही माझ्या हातात दिली. "तूच ठेव. मला पक्ष्यांतलं काय कळतंय."

मी आधी नेवाडाचं पान काढलं.

"स्नोकॉक. फक्त आवाज. दुर्बिणीशी वाकेपर्यंत खडकाआड गेला." पुढे खूण नाही.

त्याखाली बारीक अक्षरात: "पोरीला दिसला म्हणून सांगितलं. नाहीतर 'आधी तुम्ही' म्हटल्याचं जन्मभर मनाला लावून घेईल."

ती चढण त्यांना दुसऱ्यांदा झेपणार नव्हती. हे त्यांना तिथे, दुर्बिणीशी वाकलेले असतानाच माहीत होतं.

मी काकूंना वाचून दाखवलं.

काकू म्हणाल्या, "मला माहीत होतं गं. खरंच दिसला असता तर महिनाभर मला झोपू दिलं नसतं त्यांनी."

मग दोघी ओट्याशी उभ्या राहून खूप रडलो.

ऑगस्टमध्ये मी नेवाडाला जातेय. डेबीला मेसेज केलाय. या वेळी दुर्बिणीपुढे कुणालाही आग्रह करणार नाही.

दिसला तर माझ्या वहीत लिहीन. तुमच्या वहीतली ओळ तशीच राहील, काका. खूण नाही करणार. नियम म्हणजे नियम.

आणि मनाला लावून घेतलंच हो मी. रागावू नका.

तुमच्या पोरीचा शेवटचा नमस्कार.