कटते, काकाजी, भरपूर कटते!

आधी चहा संपवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकता ऐकता एकाच्या नाकातून चहा आला आणि शर्ट धुवायचा खर्च तो माझ्याकडे मागत बसला. आधीच माझी अब्रू गेलेली, त्यात वरून धुलाई पण मीच द्यायची?

तर मंडळी, लोक आपली लायकी वाढवून सांगायला खोटं बोलतात. मी खोटं बोललो आणि स्वतःची लायकी कमी करून घेतली! असा अक्कलवान बालाघाट जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही.

आमचं घर म्हणजे सरकारी नोकरांचं. आजोबा जंगल खात्यात, बाबा सिंचन खात्यात. मलाही नोकरी लागली ती सरकारी ऑफिसातच, कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून. फक्त एक बारीकशी अडचण होती. मला पगार सरकार देत नव्हतं, जबलपूरची एक एजन्सी देत होती. बाबांना हे चारचौघांत सांगताना हमखास खोकला यायचा. "नितीन लागला ना ऑफिसात... ख्खॉ ख्खॉ... मार्फत."

आत्याला मात्र असला खोकला कधी आला नाही. तिने कटंगीला जाऊन ठणकावून सांगितलं, "पोट्ट्याले वीस हजार भेटते!"

कटंगीला का? कारण तिथे वर्षा होती. खासगी शाळेत गणित शिकवायची. एका लग्नात तिने जेवणाच्या ठेकेदाराला पंगतीतच उभं करून ताटांचा हिशोब विचारला होता. तो बिचारा घामाघूम झाला, आणि मी गुलाबजाम हातात धरून खलास! त्या दिवसापासून मला दुसरी मुलगीच दिसत नव्हती. हे स्थळ जमलं नाही तर आपलं काही खरं नाही, असं वाटायचं.

आणि अशात पहिला पगार खात्यात पडला. अठरा हजारांनाही जरा कमीच. मी मेसेज उलटसुलट वाचला. उरलेले गेले कुठे?

तडक बसस्टँडजवळच्या एजन्सीच्या ऑफिसात गेलो. तिथले सुपरवायझर शुक्लाजी समोसा खात होते. मी टेबलावर हात आपटला.

"मेरा पैसा किसने खाया?"

त्यांनी समोसा खाली ठेवला. "भैया, किसी ने नहीं खाया. ये पीएफ कटा है. आप ही का पैसा है."

"मेरा है तो मेरी जेब में क्यों नहीं है?"

"बुढ़ापे में काम आएगा. ऊपर से उतना ही कंपनी भी डालती है."

"और तब तक तुम लोग उसका क्या करोगे?"

"और ये ईएसआई है. बीमार पड़ोगे तो इलाज होगा."

"मैं बीमार पड़ता ही नहीं!"

"ये प्रोफेशनल टैक्स. ये तो सरकार लेती है."

"सरकार मेरे को देती कुछ नहीं, तो लेती क्यों है?"

शुक्लाजींनी समोसा पुन्हा उचलला. मी तिथेच बसून कागद मागितला आणि अर्ज लिहिला, की माझ्या पगारातून कोणत्याही प्रकारची कटौती करू नये. खाली सही, सहीखाली दोन रेघा. समजून घ्यायचं सोडून सगळं केलं.

इकडे कटंगीहून निरोप आला. वर्षाचे वडील गोपाळराव यांना पगाराची स्लिप बघायची होती. हे गोपाळराव सरकारी कोषालयातून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांची पगारबिलं तपासलेला माणूस! फोटो बघून मुलगा पसंत करणारे वेगळे, हे स्लिप बघून करणार.

आत्याने वीस सांगितलेले, आणि स्लिपवर उजव्या बाजूला कटौतीची ती लांब रांग. मी काय करावं? मोबाइलवर स्लिपचा फोटो उघडला आणि उजवी बाजू कापून टाकली. राहिली फक्त कमाई. स्लिप कशी गोरीगोमटी दिसायला लागली! पाठवून दिली.

रविवारी मंडळी आली. गोपाळराव, वर्षा आणि तिची आई. माझ्या आईने आलूबोंडे तळले होते. बाबांनी निवृत्तीच्या समारंभातला कोट चढवला होता. इकडचं तिकडचं झालं आणि गोपाळरावांनी खिशातून माझ्या स्लिपची छापील प्रत काढली. चष्मा लावला. कागद पालथा करून मागची बाजू पण बघितली.

"बाबू, कटौतीचा भाग कुठी गेला?"

मी छाती फुगवली. "कटौती? काकाजी, आमच्यात काही कटतच नाही! पुरा पगार हाती येते."

"पीएफ?"

"एक रुपया नाही!"

"ईएसआय?"

"नाव नका काढू!"

"प्रोफेशनल टॅक्स तरी?"

"मी सांगून टाकलं जी त्यायले. नितीनच्या पगाराले हात लावाचा नाही!"

मला वाटलं, आता हे उठून मिठी मारतील. पण एकेका उत्तरासरशी त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी आलूबोंडा प्लेटमध्ये परत ठेवला. अर्धा खाल्लेला! आमच्या घरात आईचा आलूबोंडा आजवर कोणी परत ठेवला नव्हता.

"ज्याचं काही कटत नाही, तो नोकरीत नाही बाबू. तो रोजीवर आहे," ते हळूच म्हणाले. "माह्या मोठ्या जावयाचंही काही कटत नव्हतं. पुरे पैसे हाती. मंग काम सुटलं, तं हाती काहीच नाही. पोरगी दोन वर्सं आमच्याकडे राह्यली. दुसरीले मी अशी नाही देणार."

मला खरंच वाईट वाटलं. आणि भीती त्याहून जास्त.

बाबा मध्ये पडतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडले, पण तिकडून! "बरोबर आहे साहेब. माह्या पगारातून किती कटे! जीपीएफ कटे, विमा कटे, क्वार्टरचं भाडं कटे..."

"सोसायटीचा हप्ता?" गोपाळरावांचे डोळे चमकले.

"तो तं कटेच! अन् पूर आला की मदतनिधीले एका दिवसाचा पगार कटे."

"आमचाही! अन् सणाचा अॅडव्हान्स?"

"दहा हप्त्यात कटे! साहेब, एका दिवाळीले तं इतकं कटलं, की हाती काही आलंच नाही!"

"वा!"

दोघे म्हातारे कटौतीच्या आठवणीत असे रंगले, जणू शाळेतले दोस्त भेटले. आणि मी, ज्याचं म्हणे काहीच कटत नव्हतं, मध्ये बसलो तोंड पाडून. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू हे कार्टं आपल्या खानदानात कुठून आलं.

गोपाळराव उठले. चप्पल पायात घातली. वर्षा पण उठली. आणि माझा बांध फुटला.

"काकाजी, थांबा! कटते! माहं कटते!"

"का कटते?"

"सगळंच कटते! पीएफ कटते, ईएसआय कटते, टॅक्स कटते! भरपूर कटते जी! मी खोटं बोललो!"

आई ओरडली, "अरे, काहून बोंबलून राह्यला? शेजारी आयकून राह्यले!"

ऐकू देत! त्या घडीला मी गच्चीवर उभं राहून ओरडलो असतो. मोबाइल काढला, पुरी स्लिप दाखवली. गोपाळरावांनी बघितली आणि मान हलवली. "आधी पाठवलेली स्लिप वेगळी, आत्ताची वेगळी. संध्याकाळी कोणती दाखवशीन? एजन्सीवाल्याले फोन लाव."

आता आली का पंचाईत? ज्याला मी चोर ठरवून आलो, त्याच्याच तोंडून माझं चारित्र्य सिद्ध होणार! फोन लावला. स्पीकरवर.

"शुक्लाजी, मैं नितिन. जरा बताइए, मेरा पीएफ कटता है ना?"

"भैया, आप फिर शुरू हो गए?" पलीकडून कण्हल्यासारखा आवाज आला. "कटता है, कटेगा, बंद नहीं होगा! आपका आवेदन हमने फाड़ा नहीं है, सँभालके रखा है. जिस दिन मूड खराब होता है, पूरे स्टाफ को पढ़के सुनाते हैं."

"कैसा आवेदन?" गोपाळरावांनी फोनकडे वाकून विचारलं. शुक्लाजींनी मनापासून सांगितलं. समोशापासून दोन रेघांपर्यंत. 'मैं बीमार पड़ता ही नहीं' हे वाक्य तर माझ्या आवाजात म्हणून दाखवलं!

मी जमिनीकडे बघत होतो. फरशी उघडली असती तर बरं झालं असतं. पण आमची फरशी पक्की, बाबांच्या पीएफमधून केलेली.

आणि काय आश्चर्य! गोपाळरावांनी चप्पल काढली, परत येऊन बसले आणि तो अर्धा आलूबोंडा उचलला. "याले दुसऱ्याले फसवता येत नाही," ते वर्षाच्या आईला म्हणाले. "फसवाले गेला तं सोतालेच फसवून आला. असा पोट्टा आपल्या पोरीले का फसवणार?"

माझी ही गुणवत्ता! पण पसंती ती पसंती. मी फोन बंद करणार, तेवढ्यात शुक्लाजी घाईघाईने म्हणाले, "भैया, रुको, आपका पीएफ का फारम वापस आया है. नॉमिनी ठीक कर दो."

"वो क्या होता है?" मी विचारलं.

गोपाळरावांचा घास अडकला. "बाबू, तू मेल्यावर पैसे कोणाले द्याचे, त्याचं नाव लिहा लागते तिथी. कोणाचं लिवलं?"

मी आठवायला लागलो. शुक्लाजींना आठवावं लागलं नाही.

"अपना ही लिखा है. नाम, नितिन. रिश्ता, स्वयं."

बाबांना खोकला आला. या वेळी खरा. आई म्हणाली, "शुभ दिवशी का बोलून राह्यले हे?" मी कसंबसं म्हणालो, "काकाजी, एजन्सीवर भरोसा नव्हता जी. म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव टाकलंच नाही."

तिकडे वर्षा पदर तोंडाला लावून हसत होती. तिने डोळे पुसले आणि वडिलांना म्हणाली,

"बाबा, हौ म्हणून टाका आता, अन् तिथी माहं नाव लिहाले सांगा. यायले एकटं सोडलं, तं मेल्यावर आपले पैसे काढाले हे आपणच लाइनीत उभे राह्यतीन!"