मौनीकाकांची गप्प जागा

इस्पितळाच्या तळघरातल्या लाँड्रीत सहा मोठी यंत्रं होती आणि ती सुरू झाली की माणसाचं बोलणं माणसाला ऐकू जात नसे. सगळा कारभार हातवाऱ्यांवर चाले. दोन बोटं दाखवली की चादरी, मूठ दाखवली की डॉक्टरांचे कोट, आणि तळहात उभा धरला की जे चाललंय ते तिथल्या तिथे थांबवा. मौनीकाकांची बत्तीस वर्षं या तळघरात गेली होती. घरी आले की काकू बोलत. काकू मनाने फार चांगल्या, पण एकदा सुरू झाल्या की श्वास कधी घेतात हे डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. त्यामुळे काकांना कामावर तोंड उघडायची सोय नव्हती आणि घरी संधी नव्हती. गल्लीतली मुलं त्यांना मौनीकाका म्हणायला लागली, काकांनी हूं की चूं केलं नाही, आणि तेच नाव चिकटलं.

असा हा माणूस बारा हजार लोकांना एका हाताने गप्प करत असे, हे सांगितलं तर कोणी वेड्यात काढेल. पण ते खरं होतं, आणि त्याला कारण डावऱ्या.

नदीच्या अलीकडे पिवळ्या जर्सीवाले, पलीकडे जांभळ्या जर्सीवाले, आणि सामन्याच्या दिवशी मधल्या पुलावरून शहाण्या माणसाने जाऊ नये अशी तिथली परिस्थिती. डावऱ्या पिवळ्यांचा. डाव्या पायाने खेळायचा म्हणून डावऱ्या. पेनल्टी मारायची त्याची एक खोड होती. धावत यायचा आणि चेंडूच्या अलीकडे एक श्वासभर थांबायचा. नुसता थांबायचा. गोलकीपरला ते सोसत नसे. तो कुठल्या तरी एका बाजूला अंग टाकून मोकळा व्हायचा आणि डावऱ्या चेंडू सावकाश दुसऱ्या बाजूला नेऊन सोडायचा.

पोरांनी त्याच्यावर गाणं केलं होतं. "आला आला, डावऱ्या आला! थांबला थांबला, डावऱ्या थांबला! गेला!" गेला म्हणजे चेंडू जाळ्यात गेला. गाणं सुमारच होतं, पण काकांना त्यात काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. लाँड्रीतलं तीन नंबरचं यंत्र ओल्या चादरींनी भरलं की धप धप फिरे, मग चादरी वर जाऊन घटकाभर अडकत आणि सगळ्या एकदम खाली येत, धप्प. काका ते वर्षानुवर्षं ऐकत होते. एका सामन्यात "डावऱ्या थांबला" म्हणून झाल्याबरोबर ते पहिल्या रांगेत उठून उभे राहिले, लोकांकडे वळले आणि तळहात उभा धरला. का कोण जाणे, लोक गप्प झाले. सगळे. एक श्वासभर. मग काकांनी हात खाली टाकला आणि बारा हजार लोकांनी एकच टाळी वाजवून "गेला!" म्हणून आरोळी ठोकली. चेंडू गेलाच होता. त्यानंतर सहा वर्षं डावऱ्याची एकही पेनल्टी चुकली नाही.

"ती गप्प जागा माझी आहे," त्या दिवशी काका घरी येऊन काकूंना म्हणाले. लग्नानंतरचं ते त्यांचं पहिलंच स्वतःहून केलेलं भाषण.

"तुमचं काय हो त्यात?" काकू म्हणाल्या. "शब्द पोरांचे, पाय त्या डावऱ्याचा. गप्प काय, कोणीही बसेल. त्याला काय अक्कल लागते? आणि पायपुसणं झटकलंत का आत येताना?"

काकांना ते फार लागलं. आयुष्यात त्यांनी स्वतः केलेली अशी ती एकच गोष्ट होती.

आणि मग डावऱ्या जांभळ्यांकडे गेला. सकाळच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो होता. अंगात जांभळी जर्सी आणि चेहऱ्यावर तेच हसू, जे कालपरवापर्यंत पिवळ्या जर्सीवर शोभत होतं.

गल्लीत कोणी वारल्यासारखी शांतता पसरली आणि दहा मिनिटांत त्याचं भांडण झालं. चाहता मंडळाचे अध्यक्ष चष्म्याच्या दुकानाचे मालक होते. त्यांच्या काचेत डावऱ्याचा चष्मा घातलेला मोठा फोटो होता. त्यांनी फोटो काढला नाही, फोटोतला चष्मा खरवडून काढला. "आंधळा फिर म्हणावं आता," असं म्हणून त्यांनी मंडळाची तातडीची सभा बोलावली.

सभेत ठराव झाला की हंगाम संपेपर्यंत कोणी डावीकडे वळायचं नाही. ठराव एकमताने झाला, घरी जायची वेळ आली तेव्हा घोटाळा लक्षात आला. गल्ली दुकानापासून डाव्या हाताला होती. मग अध्यक्षांनी तोडगा काढला, तीनदा उजवीकडे वळायचं. वर्षभर गल्लीतली शहाणीसुरती माणसं भाजीच्या पिशव्या घेऊन चौकाला वळसा घालत राहिली. पोस्टातला एक डावखुरा कारकून तर उजव्या हाताने सही करायला लागला आणि स्वतःचंच रजिस्टर पत्र त्याला ओळख पटत नाही म्हणून मिळालं नाही. डावऱ्या नावाचं एक मांजर होतं, त्याचं नाव बदलून उजव्या ठेवलं. ते त्या नावाला ओ देईना. पण ते आधीच्या नावालाही देत नव्हतं.

दुसरा ठराव गाण्याचा होता. गाणं सगळ्यांनी मिळून विसरायचं. त्यासाठी रविवारी दुपारी दुकानात पन्नास माणसं जमली, डोळे मिटून बसली आणि विसरू लागली. पाव तासाने अध्यक्षांनी विचारलं, "झालं का विसरून?"

"झालं," सगळे म्हणाले.

"खात्री कशी पटायची? एकदा म्हणून बघू या."

म्हटलं. सगळ्यांना पाठ होतं. पुन्हा विसरले, पुन्हा म्हटलं. संध्याकाळपर्यंत गाणं पहिल्यापेक्षा सुरात आलं. शेवटी चिडून अध्यक्ष काकांकडे वळले. "सगळं तुमच्यामुळे! म्हणे 'गेला, गेला'. सहा वर्षं बारा हजार माणसं त्याच्या तोंडावर 'गेला' म्हणून ओरडली तर तो जाणार नाही तर काय करणार?"

तो शब्द आपला नाही, आपली फक्त गप्प जागा, हे काकांना सांगायचं होतं. पण सभेत तेवढी जागा मिळाली नाही.

खरा छळ पुढेच होता. डावऱ्याबरोबर गाणंही नदीपलीकडे गेलं. लाँड्रीत काकांच्या समोरच्या टेबलावर इस्त्री करणारी बाई पुलापलीकडून यायची, हाडाची जांभळी. नुसती बघणारी नव्हे, त्यांच्या स्टँडात मोठा ढोल हिचाच. मधल्या सुट्टीत यंत्रं बंद झाली की ती टेबलावर थापा मारत गाणं म्हणायची. "आला आला, डावऱ्या आला! थांबला थांबला, डावऱ्या थांबला!" आणि मग गप्प राहायच्या ऐवजी धडाड धडाड धडाड. "गेला!"

ती गप्प जागा तिने ढोलाने बुजवून टाकली होती. काकांच्या हातातला चहाचा कप हिंदकळायचा.

जांभळ्यांकडे जाऊन डावऱ्याने चार पेनल्टी मारल्या आणि चारही चुकल्या. पेपरवाले म्हणाले गुडघा दुखतोय. कोणी म्हणालं घरी पटत नाही. पिवळ्यांच्या गल्लीत दर चुकलेल्या पेनल्टीला लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. का चुकतात हे मात्र सगळ्या शहरात एकट्या काकांना ठाऊक होतं. एवढ्या माणसांचं गप्प बसणं गोलकीपरला सोसत नसे, म्हणून तो अंग टाकायचा. ढोलाच्या गदारोळात त्याला काही सोसावं लागत नव्हतं. तो जागच्या जागी उभा राहायचा आणि चेंडू त्याच्या पोटावर यायचा.

एक दिवस बाईने सरळ विचारलं. "काका, गाणं मूळचं तुमच्याकडचं. आमचं कुठे चुकतंय हो? पोरगं बिचारं रडवेलं झालंय."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. त्यांनी मूठ दाखवली, म्हणजे डॉक्टरांचे कोट, आणि यंत्राकडे निघून गेले. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. आपलं माणूस चुकतंय याचं दुःख होतं, की आपली वस्तू कोणीतरी वेडीवाकडी वापरतंय याचं, ते त्यांना ठरवता येईना.

हंगामाचा शेवटचा सामना नेमका पिवळे विरुद्ध जांभळे. डावऱ्या गेल्यापासून पिवळ्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. या सामन्यात बरोबरी झाली तर निभावलं, हरले तर खालच्या गटात, जिथे सामने धुळीच्या मैदानावर होतात आणि पेपरात निकालही येत नाही. अध्यक्षांनी सगळ्यांना शपथ घातली, डावऱ्यासाठी कोणी टाळी वाजवायची नाही. पाहुण्यांचं स्टँड पिवळ्यांच्या कोपऱ्याला लागून, मध्ये फक्त जाळी. काका नेहमीच्या जागी, पहिल्या रांगेत. जाळीच्या पलीकडे दहा हातांवर इस्त्रीवाली बाई, गळ्यात ढोल.

गोल कोणाचाच झाला नाही. लोक घड्याळाकडे बघत नखं खात होते. आणि शेवटच्या मिनिटाला पिवळ्यांच्या एका दांडग्या खेळाडूने उगाचच जांभळ्यांच्या माणसाला आडवं पाडलं. पेनल्टी.

चेंडू घेऊन डावऱ्या आला. अध्यक्षांनी डोळे मिटले, मग एक उघडला. "चुकवणार! पाचवी!" ते पुटपुटले. सगळं पिवळं स्टँड तेच पुटपुटत होतं. काकाही पुटपुटत होते, अगदी मनापासून.

पलीकडून गाणं सुरू झालं. "आला आला, डावऱ्या आला!" डावऱ्या धावत निघाला. काकांना त्याची मान दिसली. चार पेनल्टी चुकलेल्या माणसाची मान, खांद्यात गेलेली. "थांबला थांबला, डावऱ्या थांबला!" बाईने ढोलाची काठी वर उचलली. आता ती पुन्हा ती जागा बुजवणार, सगळ्या शहरादेखत, हे काकांना दिसलं आणि त्यांच्याने राहवेना.

ते उठले, जाळीकडे वळले आणि तळहात उभा धरला.

बाई लाँड्रीत अकरा वर्षं होती. उभा तळहात दिसला की थांबायचं, हे तिच्या हाडात भिनलं होतं. काठी वरच राहिली. ढोल थांबला म्हणून तिच्यामागचे जांभळे थांबले. आणि इकडचे बारा हजार पिवळे काकांचा हात पाहून सहा वर्षांच्या सवयीने गप्प झाले. शिव्या अर्ध्यात राहिल्या. नदीच्या दोन्ही काठांची माणसं एकाच वेळी गप्प बसली होती. मैदानाच्या कडेला झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती, तेवढी ऐकू आली.

डावऱ्या थांबला. त्याची मान खांद्यातून वर आली. गोलकीपर उजवीकडे अंग टाकून मोकळा झाला.

काकांनी हात खाली टाकला. सगळ्या मैदानाने, पिवळ्यांनी आणि जांभळ्यांनी, एकच टाळी वाजवली.

"गेला!"

आपण काय ओरडलो हे पिवळ्यांच्या लक्षात यायला दोन श्वास लागले. चेंडू पिवळ्यांच्या जाळ्यात होता आणि पिवळे खालच्या गटात. अध्यक्ष आपल्या दोन्ही तळहातांकडे बघत उभे होते. टाळी त्यांनीही वाजवली होती, चांगली सणसणीत.

मंडळाची सभा दुसऱ्या दिवशी झाली. काकांना शिक्षा द्यायची यावर एकमत होतं, पण टाळी वाजवली नाही असा एकही माणूस सापडेना. शेवटी ठरलं की मौनीकाकांशी गल्लीतल्या कोणीही बोलायचं नाही. बहिष्कार त्याच दिवसापासून लागू झाला. काकांना त्याचा पत्ता लागायला अकरा दिवस लागले, तेही अध्यक्षांना राहवलं नाही आणि त्यांनी स्वतः येऊन सांगितलं म्हणून.

पण सामन्याच्या दिवशी संध्याकाळी काका मैदानातून परतले तेव्हा यातलं काही झालेलं नव्हतं. ते तीनदा उजवीकडे वळून, मान खाली घालून घरी आले. आपल्या माणसांना आपण बुडवलं, या विचाराने पाय उचलत नव्हते. वाटेत दोनदा वाटलं, चौकातच बसून राहावं. आणि तरी छातीत कुठेतरी एक आनंद होता, त्याची त्यांना लाज वाटत होती.

त्यांनी पायपुसणं झटकलं. काकू स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या आणि ओट्यावर रेडिओ चालू होता. काका दारातच उभे राहिले. आता सुरू होणार, त्यांना वाटलं.

"मी ऐकत होते," काकू म्हणाल्या. "एवढा कल्लोळ चालला होता आणि एकदम काहीच येईना. मला वाटलं, रेडिओ बिघडला. थापट मारायला हात उचलला आणि लक्षात आलं, हे तुम्ही असणार."

काकांनी मान वर केली.

"आणि मी पण बसले हो गप्प," काकू म्हणाल्या. "इथे, एकटीच. हातात ताटली धरून." हे सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळाच झाला. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडाशी आलेलं काकांना दिसलं, पण ते आलं नाही. त्या नुसत्या काकांकडे बघत राहिल्या, एक पूर्ण श्वासभर.

काकांचे डोळे भरून आले.

"टाळी मात्र नाही वाजवता आली," काकू म्हणाल्या. "ताटली पडली असती ना. आता उभे काय राहिलात, हातपाय धुऊन या, आणि तो शेजारचा सांगत होता की पाणी उद्या येणार नाही, तेव्हा बादल्या भरून ठेवा आणि..."